दात बसवून दिले, फोटो काढले. धुवायचे कसे ते कोणी सांगायचं?

आधीच सांगते, पोस्ट मोठी आहे आणि विषय काहींना किळसवाणा वाटेल. जेवता जेवता मोबाइल बघत असाल तर आधी जेवून घ्या.

विषय काढ-घालीच्या दातांचा आहे. पूर्ण कवळीचा नाही. तोंडात आपले काही दात शिल्लक आहेत, मधले दोन-चार-सहा गेलेत आणि त्या जागी गुलाबी प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेले दात, बाजूच्या खऱ्या दातांना तारेचे हूक मारून अडकवलेले. कोणी त्याला प्लेट म्हणतं, कोणी अर्धी कवळी, कोणी नुसतंच "दात बसवलेत" म्हणतं. घिवलीत, दांडीत, उच्छेळीत, नवापूरला कुठल्याही आळीत जा, एक तरी प्लेट निघेलच. जाळं विणताना दोरा दातात धरणारी, नायलॉन दातानेच तोडणारी माणसं आपण. वर मशेरी, तंबाखू, गुटखा. दात पडले तर नवल काय! दात का पडतात यावर शाळेत तरी चार भाषणं होतात. पडल्यावर जे बसवलं जातं, त्याचं पुढे काय होतं यावर कोणी एक शब्द बोलत नाही. म्हणून ही पोस्ट.

आता पहिली कॉमेंट काय येणार ते मला माहीत आहे. "ताई, इथे ७६ हजार कोटींचं वाढवण बंदर उरावर येतंय, एमआयडीसीच्या पाण्याने खाडी मेली, आणि तुम्ही दात घासायला शिकवताय?" हो, शिकवतेय. बंदराच्या मोर्चात मी असते, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पण आपल्या समाजाची परिषद प्रदूषणासाठी हरित न्यायाधिकरणापर्यंत जाऊन भांडू शकते, तर आपल्याच आईच्या तोंडात काय कुजतंय ते बघायला कोणाची हरकत असावी? घराशेजारी अणुशक्ती केंद्र आहे म्हणून आणीबाणीत काय करायचं याची माहिती आपल्याला देतात. चोवीस तास तोंडात असलेल्या वस्तूचं काय करायचं, त्याची माहिती कोणी दिलीय?

मी बोईसरला मेडिकलमध्ये काम करते. काउंटरच्या या बाजूने बरंच दिसतं. बायका माझ्याशी जे बोलतात ते डॉक्टरशी बोलत नाहीत, कारण माझ्याकडे फी नाही आणि मी त्यांच्यातलीच आहे. "बाय, तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स दे." "बाय, तिखट लागतंय, ते जेल दे." "ओठाचा कोपरा फाटलाय, मलम दे." मी विचारते, काकी, प्लेट आहे का तुम्हाला? आधी नाही म्हणतात. मग इकडेतिकडे बघून हळूच, "हाय ना, चार वर्सं झाली." रात्री काढता का? "नाय." कशाने धुता? "धुवाची काय, चूळ भरते." किंवा, "दात घासते तवा तोंडातच वरून घासते."

हे मी एकदा-दोनदा नाही, वर्षानुवर्षं ऐकतेय. आणि यातली एकही बाई अस्वच्छ नाही. त्यांच्या घरातली भांडी बघा, आरशासारखी. ओटा दिवसातून दोनदा धुतात. मासळीची पाटी समुद्राच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने, मग उन्हात. जी बाई पाटी तीनदा धुते ती तोंडातली प्लेट चार वर्षं तोंडातच ठेवते, याचं कारण आळस नाही. तिला कोणी सांगितलेलंच नाही की ही वस्तू काढून धुवायची असते. उलट "जपून वापरा, तुटेल" एवढंच सांगितलंय. मग ती जपते. जपायचं म्हणजे काढायचंच नाही.

प्लेटखाली काय होतं ते सांगते. ते गुलाबी प्लास्टिक म्हणजे ॲक्रिलिक. दिसायला गुळगुळीत, पण त्यात डोळ्याला न दिसणारी बारीक भोकं असतात. त्यात अन्न, लाळ, जंतू बसतात आणि एक बुळबुळीत थर धरतो. बोटाने चोळून बघा, लागेल. बोटीच्या तळाला पाण्याखाली जसं शेवाळ धरतं तसंच हे. बोट आपण किनाऱ्यावर ओढून खरवडतो ना? या थरात बुरशी वाढते, कॅन्डिडा म्हणतात तिला. टाळूवर प्लेटच्या आकाराचा लालभडक पट्टा उमटतो, अगदी साचा काढल्यासारखा. यातली वाईट गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा तो दुखतच नाही. दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही. कोणाला जळजळ होते, कोणाच्या ओठाच्या कोपऱ्यात भेगा पडतात, कोणाची चव जाते. डायबिटीस असेल आणि साखर वाढलेली असेल तर बुरशीची चैनच. मग बी-कॉम्प्लेक्स. मग शेजारणीने सांगितलेलं स्टिरॉइडवालं मलम. बुरशीवर स्टिरॉइड लावलं की बुरशीला मोकळं रान. काउंटरवर मी हे मलम चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावरून शिव्याही खाल्ल्यात. पुढच्या दुकानात मिळतं, हेही खरं.

तरी बुरशी गोळ्या-मलमाने आणि स्वच्छतेने जाते. जे जातं ते परत येत नाही असं दुसरंच आहे: हूकवाला दात.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा खर्च इथे आहे. प्लेट हवेत लटकत नाही. ती बाजूच्या दोन खऱ्या दातांना धरून उभी असते. तार जिथे दाताला वेढते तिथे अन्न अडकतं, आणि प्लेटची कड जिथे दाताला चिकटते तिथेही. तिथे ब्रश गेला नाही की कीड लागते, हिरडी सुजते, दात हलतो. मग तो दात काढतात. मग जुनी प्लेट बसत नाही, नवी करावी लागते, आणि ती नवी प्लेट त्याच्या पुढच्या दाताला हूक मारते. सहा दातांची प्लेट आठची होते, आठची दहाची, आणि एके दिवशी पूर्ण कवळी. लोक म्हणतात, "वयाने दात गेले." वयाने नाही गेले हो. तारेखाली साफ केलं नाही म्हणून एकेक करून गेले. प्रत्येक वेळी दोन-चार हजार रुपये गेले ते वेगळेच. मासळीचे दर बघता हे पैसे कोणाच्या घरात सहज पडलेले नसतात.

आता बोलते डॉक्टरांबद्दल. नाव कोणाचं घेणार नाही, घ्यायचं कारणही नाही, कारण ही एका दवाखान्याची गोष्ट नाही. माझ्या घरातल्याच एका बाईला तीन दात बसवले. माप घ्यायला एक दिवस, रंग बघायला एक दिवस, तिसऱ्या दिवशी प्लेट हातात. मी बरोबर होते. "आ करा, चावून बघा, टोचतंय का? नाही ना? पैसे बाहेर द्या." पाच मिनिटं लागली असतील. ना कागद, ना ब्रश, ना डबी. रात्री काढायची हे मी विचारलं तेव्हा सांगितलं, "हो, काढली तर बरं." काढली तर बरं! चपला बाहेर काढल्या तर बरं, त्या सुरात. मिक्सर घेतला तरी त्यात सोळा पानांचं पुस्तक येतं, पात्यात हात घालू नका म्हणून चित्रासकट. माणसाच्या तोंडात बसवायच्या वस्तूबरोबर एक चिटोरं येत नाही.

मी यावर ओळखीच्या दोघा-तिघा दंतवैद्यांशी भांडले आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं: "आम्ही सांगतो, लोक ऐकत नाहीत." यात थोडं खरं आहे, मी नाकारत नाही. काही डॉक्टर मनापासून सांगतात, सहा महिन्यांनी बोलावतात आणि पेशंट जात नाही. पण बहुतेक ठिकाणी सांगणं म्हणजे काय असतं? खुर्चीत आडवं पडलेलं, तोंड उघडं असलेलं, घाबरलेलं माणूस. त्याला अर्ध्या इंग्रजीत घाईघाईने दोन वाक्यं सांगितली, त्याने मान हलवली, झालं. एकदा तरी त्याच्या हातात प्लेट देऊन "आता तुम्ही काढून दाखवा, तुम्ही धुऊन दाखवा" म्हटलं का? नवीन इन्सुलिन सुरू झालं की आम्ही काउंटरवर पेन उघडून, सुई लावून दाखवतो, मग पेशंटकडून करून घेतो. तेव्हा त्याला येतं. दात तर रोज दोनदा काढायचे-घालायचे आहेत. कित्येक म्हाताऱ्यांना प्लेट स्वतःची स्वतः काढताच येत नाही. हूक घट्ट, बोटं संधिवाताने वाकडी. मग काय करतील? ठेवतात तोंडात.

शिबिरांवर तर वेगळी पोस्ट होईल. मोठा मंडप, बॅनरवर सात फोटो, त्यातला एकही दातांच्या डॉक्टरचा नाही. "इतक्या जणांना मोफत दात" असा आकडा, म्हाताऱ्याला हसायला लावून फोटो, आणि संध्याकाळी गाडी परत. कोणाची प्लेट टोचते, कोणाला जखम झाली, कोणी ती कपाटात टाकून दिली, हे बघायला सहा महिन्यांनी कोण येतं? प्लेट टोचली तर घासून नीट करून घ्यावी लागते. दातांखालचं हाड झिजतं तशी ती सैल होते, आत नवा थर भरून बसवावी लागते. शिबिरातल्या प्लेटचा मालक त्यासाठी कोणाकडे जाणार? सैल प्लेट एकाच जागी घासत राहिली की तिथे जखम होते. आणि तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवायलाच हवी, मशेरी-तंबाखूवाल्याने तर पळत जाऊन. "दातांनी घासलं असेल" म्हणत सहा महिने काढलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढे त्यांची परळची फेरी सुरू झाली. कशासाठी ते सांगायला नको.

मशेरीचा विषय निघालाच आहे तर. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी घातली. कागदावर छान. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणती बंदी लागू होणार? ती आपल्या आयांच्या हातात सकाळ-संध्याकाळ आहेच. प्लेट तोंडात ठेवून मशेरी लावली की ती भुकटी प्लेट आणि टाळूच्या मध्ये जाऊन बसते. चूळ भरून निघत नाही. म्हणजे तंबाखू दहा मिनिटं लागली नाही, दिवसभर लागली, तेही दाबून. प्लेटवरचे काळे डाग हे तिचं दिसणारं रूप. मशेरी सोडा म्हणून मी रोज सांगते आणि रोज हरते. पण निदान लावताना प्लेट काढा, नंतर चूळ भरा आणि प्लेट धुऊन मग घाला, एवढं तर ऐका.

आणि ते "फिक्स" करून देणारे! बाजारात, स्टेशनच्या आसपास, जत्रेत, कुठेही दिसतील. "रोज काढायची कटकट नको, फिक्स करून देतो, अर्ध्या तासात, निम्म्या पैशात." १९४८चा दंतवैद्य कायदा सांगतो की नोंदणी असलेल्या दंतवैद्यालाच हा धंदा करता येतो. ते जाऊ द्या, पण करतात काय हे बघा. पावडर आणि तिचं रसायन कालवून ते ॲक्रिलिक तोंडातच ओततात, शेजारच्या दातांना तारेने गुंडाळतात आणि घट्ट होऊ देतात. म्हणजे जी वस्तू काढून धुवायची, ती कायमची गाडून टाकली. हिरडीवर बसलेलं, तारेने बांधलेलं, खाली अन्न कुजतंय आणि ब्रश जायला जागा नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो सगळा गठ्ठा काढताना शेजारचे चांगले दातही हातात येतात. खरी फिक्स कॅप किंवा ब्रिज ही वेगळी गोष्ट आहे, ती लॅबमध्ये होते. त्यालासुद्धा खालून साफ करावंच लागतं. कटकट नको म्हणून जो तुम्हाला दात विकतो त्याला तुमच्या दाताशी घेणं नाही. पण लोक त्याच्याकडे का जातात, हाही प्रश्न आहेच. जवळ परवडणारा दुसरा कोण आहे? सरकारी दंत महाविद्यालय म्हटलं की मुंबई. नायर दंत रुग्णालयात काम चांगलं आणि स्वस्त होतं, पण डहाणू लोकलने मुंबई सेंट्रल गाठायचं म्हणजे दिवस गेला, आणि प्लेटसाठी असे चार-पाच दिवस. कोळणीचा धंदा पाच दिवस कोण सांभाळणार?

आता रात्रीबद्दल. सगळ्यात जास्त विरोध मला इथे होतो.

"रात्री काढून ठेवा" म्हटलं की बायका लाजतात. एकीने स्पष्ट सांगितलं, "नवऱ्याने मला दात नसलेलं अजून पाह्यलेलं नाय." दुसरी सुनेला घाबरते. तिसरी म्हणते, रात्री कोण वारलं, दारात माणसं आली, तर बोळक्या तोंडाने कशी जाऊ? हसू नका. या खऱ्या अडचणी आहेत आणि त्या आपण तयार केल्यात. म्हातारीने दात काढले की "बोळकी" म्हणून चिडवणारं आपलंच पोर असतं आणि आपण सगळे हसतो. चष्मा काढून उशाशी ठेवायला कोणाला लाज वाटत नाही. दात पेल्यात ठेवायला का वाटावी? पुरुषही मागे नाहीत. ते लाजत नाहीत, पण "मला काय होतंय" म्हणतात. सात-आठ दिवस बोटीवर असतात, तिथे तर प्लेट काढणं म्हणजे हरवणं, असं त्यांचं म्हणणं. झाकणाची डबी न्या की! दहा रुपयाची डबी, त्यात गोडं पाणी.

रात्री काढायची कशाला? एक म्हणजे हिरड्यांना मोकळीक मिळावी म्हणून. झोपेत लाळ कमी होते, आणि लाळ हीच तोंडाची धुलाई. ती थांबली की प्लेटखाली जंतूंचं राज्य. दुसरं, हे जंतू झोपेत श्वासाबरोबर खाली उतरू शकतात. २०१५ साली जपानी संशोधकांनी ८५ वर्षांच्या पुढच्या ५२४ म्हाताऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. झोपताना कवळी न काढणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. ती माणसं फार म्हातारी होती, आपल्या पन्नाशीच्या मावशीला तो आकडा जसाच्या तसा लावू नका. पण घरात अंथरुणाला खिळलेली आजी असेल तर आज रात्रीच तिच्या तोंडात बघा. लकवा झालेल्या माणसाचं अंग पुसतात, कपडे बदलतात, डायपर बदलतात. प्लेट तशीच राहते, कारण ती आहे हेच सुनेला माहीत नसतं.

तिसरं कारण लहान प्लेटचं. एक-दोन दातांची बारकी प्लेट झोपेत, किंवा दारू पिऊन झोपल्यावर, सुटून घशात जाते. हे घडतं, दुर्बीण घालून काढावी लागते. आणि एक्स-रेमध्ये प्लास्टिक दिसत नाही, दिसली तर फक्त तार दिसते. प्लेट हरवली आणि घशात टोचतंय असं कोणी म्हणालं तर "केळं खा, उतरेल" करत बसू नका. हॉस्पिटलला न्या आणि डॉक्टरला "प्लेट गेली असेल" हे शब्द सांगा.

धुवायचं कसं, हे आता सांगते, कारण तेवढं तरी या पोस्टमधून घरी जावं. टूथपेस्टने प्लेट घासू नका. पेस्टमधली खर दाताला चालते, ॲक्रिलिकवर चरे पाडते, आणि त्या चऱ्यांत अजून घाण बसते. राखुंडी, मीठ, कोळसा, दंतमंजन यांचं तर नावच नको. साधा साबण किंवा भांड्यांचा लिक्विड साबण एक थेंब, मऊ ब्रश (तोंडाचा वेगळा, प्लेटचा वेगळा), आतून-बाहेरून, हूकच्या आतल्या बाजूने, मग भरपूर पाण्याने धुवा. खाली पाण्याची परात किंवा फडका ठेवा, मोरीच्या लादीवर पडली की दोन तुकडे. उकळतं पाणी अजिबात नको, प्लेट वाकडी होते. जंतू मरावेत म्हणून चहाच्या भांड्यात उकळून आणलेली प्लेट मी पाहिली आहे. ती पुन्हा बसली नाही. ब्लीचमध्ये टाकू नका, तारा खराब होतात. रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी ठेवली तरी आकार बिघडतो. कवळीच्या विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, चांगल्या आहेत, पण घासण्याला पर्याय नाहीत, आणि ती गोळी पाण्यात टाकायची, खायची नाही. हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. तुटली तर फेविक्विक लावू नका. ते तोंडासाठी नाही, आणि वाकडी जोडलेली प्लेट डॉक्टरलाही मग नीट जोडता येत नाही.

मग प्लेट बाहेर असतानाच उरलेले दात घासा. हूकवाले दोन दात तर देवासारखे सांभाळा, विशेषतः रिकाम्या जागेकडची बाजू, जिथे कोणी बघत नाही. टाळू आणि हिरड्या ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने हलक्या हाताने पुसा. जेवल्यावर निदान काढून पाण्याखाली धरा. बोंबलाचा काटा प्लेटखाली गेला तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. सगळं मिळून पाच मिनिटं. खर्च म्हणाल तर एक ब्रश आणि एक डबी.

आता सरकार. राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. आपली उपकेंद्रं आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, आणि तिथे ज्या १२ प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्यात त्यात मुख आरोग्य आहे. म्हणजे हे माझं खूळ नाही, सरकारच्याच कागदावर आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, २०१७ पासून, गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मिळते. आणि आपल्या राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली, ६५ वर्षांवरच्यांना साधनं घ्यायला खात्यात ३ हजार रुपये. तिच्या यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, कमोड खुर्ची आहे, गुडघ्याचा, कमरेचा, मानेचा पट्टा आहे. दातांचं नाव नाही. म्हाताऱ्या माणसाने बघावं, ऐकावं, चालावं, पण चावायचं काय? शेवटी "इत्यादी" आहे म्हणे. इत्यादीवर भाकरी चावून दाखवा.

दात द्या, पैसे द्या, सगळं द्या. पण त्याआधी ज्यांच्या तोंडात दात आधीच आहेत त्यांच्याकडे बघा. त्याला निधी लागत नाही. बीपी आणि शुगर तपासायला म्हातारी उपकेंद्रात येतेच. तेव्हा तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याने एक वाक्य विचारायचं, "प्लेट आहे का? काढा बघू." टॉर्च मारायचा. लाल पट्टा दिसला, जखम दिसली, तर चिठ्ठी द्यायची. आशाताईंना आधीच शंभर कामं आहेत, त्यांच्यावर हे विनामोबदला लादू नका, नाहीतर पुढची पोस्ट मी त्यांच्या बाजूने लिहीन.

येत्या ग्रामसभेत मी अर्ज देणार आहे. त्यात तीनच गोष्टी आहेत. उपकेंद्रातल्या तपासणीत प्लेट काढून तोंड बघायचं. गावात दातांचं शिबिर घ्यायची परवानगी मागणाऱ्याने सहा महिन्यांनी परत येऊन तपासायचं लेखी द्यायचं, नाहीतर मंडप दुसरीकडे घाला. आणि जो कोणी गावात दात देईल त्याने मराठीत छापलेला कागद द्यायचा आणि पेशंटकडून एकदा काढून, धुऊन, घालून घ्यायचं. राज्याच्या यादीत कवळी घाला, असं वेगळं पत्र आमदारांना जाईल.

सह्या हव्यात. रात्री आठनंतर मी घरीच असते. येताना तुमची नाहीतर आईची प्लेट डबीत घालून आणा. तपासायचं काम डॉक्टरांचं, मी फक्त धुवायची कशी ते दाखवीन. ब्रश माझ्याकडे आहेत, दहा-बारा आणून ठेवलेत.